हिशेब शेवटाकडून मांड

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भर सभेत त्या बाईंनी तुला विचारलं, "सोन्याची खाण नको म्हणतोस, मग आमच्या पोरांनी करायचं काय?" आणि तुला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून तुला वाटतंय की, ज्याच्याकडे पर्याय नाही त्याने विरोध करू नये. अभ्यास सोडून देऊ का, असंही विचारलंयस. सोडू नकोस. याहून जास्त धीर देत बसत नाही, कारण तुझी अडचण धीराची नाहीच. तू हिशेब चुकीच्या टोकाकडून धरला आहेस.

खाणीचा हिशेब शेवटाकडून मांडायचा असतो. ती बंद होईल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.

कंपनीचा तक्ता पहिल्या दिवसापासून सुरू होतो: इतक्या नोकऱ्या, इतकी रॉयल्टी, इतका रस्ता. आणि तुम्ही काय करता? तोच तक्ता घेता आणि शेजारी झाडांचा, पाण्याचा रकाना आखता. मग नोकरी मोठी की झाड मोठं, असा वाद होतो आणि पोट हातावर असलेल्या माणसासमोर तुम्ही हरता. हरणारच.

खुल्या खाणी, म्हणजे जमीन वरून खणत नेलेल्या, बहुतेक वेळा दहा-वीस वर्षं चालतात. म्हणजे खाण आली तरी त्या बाईंचा प्रश्न सुटत नाही, नातवंडांच्या वाट्याला जातो. 'करायचं काय' हे त्यांनाही विचारावंच लागेल, तेव्हा कदाचित ओढ्याचं पाणी गुरंही पिणार नाहीत. पर्याय दोन्हीकडून शोधावाच लागतो. तो नदी धड असताना शोधायचा की नासल्यावर, हे त्या सभेत बोलायला हवं होतं.

कॅनडात यलोनाइफ शहराला लागून जायंट नावाची खाण होती. १९४८ ते २००४ या काळात तिथून सुमारे २२० टन सोनं निघालं. तिथलं सोनं आर्सेनिकच्या खनिजात अडकलेलं असे, खडक भट्टीत भाजल्याशिवाय सुटत नसे, आणि भाजताना आर्सेनिक ट्रायऑक्साइडची पूड तयार होई. सुरुवातीला ती धुराड्यातून सरळ बाहेर जायची आणि बर्फावर बसायची. तिथले मूळ रहिवासी डेने लोक ते बर्फ वितळवून पीत. १९५१ साली त्यांच्यातलं एक लहान मूल त्या विषाने गेलं. पुढे पूड गोळा करून भूमिगत दालनांत भरू लागले. आज तिथे २,३७,००० टन पूड पडून आहे. टनभर सोन्यामागे हजार टनांहून जास्त विष! मालक कंपनी १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. आता ती पूड पाण्यात उतरू नये म्हणून भोवतालची जमीन कायमची गोठवून ठेवायची योजना आहे. खर्चाचा अंदाज ४०० कोटी कॅनेडियन डॉलरच्या वर गेलाय, आणि तो जनतेच्या पैशातून भरायचा आहे. हा हिशेब १९४८ साली कुणी शेवटाकडून मांडला असता, तर ही खाण परवडते असं कागदावरसुद्धा दाखवता आलं नसतं.

प्रत्येक खाणीत आर्सेनिकच निघतं असं नाही. पण मोठ्या खुल्या खाणीत टनभर खडकातून जेमतेम ग्रॅमभर सोनं मिळतं, बाकी सगळा गाळ आणि दगड तिथेच राहतो. दगडात गंधकाची खनिजं असली की हवा-पाणी लागून आम्ल बनतं आणि ते जड धातू सोडवत ओढ्यात उतरतं. कामगार घरी गेले तरी ही क्रिया थांबत नाही.

आणि हातांनी सोनं काढणाऱ्यांना खलनायक ठरवू नकोस, तुझ्या टिपणातला तो परिच्छेद मला आवडला नाही. घमेल्यात वाळूबरोबर पारा चोळायचा, सोन्याचे कण त्याला चिकटतात. फडक्यात पिळून जास्तीचा पारा काढला की राखाडी गोळी उरते. ती पत्र्यावर तापवली की पारा उडून जातो आणि खडबडीत पिवळा दाणा मागे राहतो. कितीदा हे चुलीशेजारीच चालतं, पोरं भोवती असतात, आणि त्या वाफेला वास नसतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वात मोठा वाटा याच धंद्याचा आहे. या लोकांना 'बंद करा' म्हणून काय होणार? वाफ परत पकडणारं बंद भांडं द्या. फिलिपिन्समधल्या बेंगेटचे खाणकामगार पाऱ्याऐवजी टाकणखार (बोरॅक्स) वापरतात, ती रीत शिकवा. हे त्यांच्या हातात आज ठेवता येतं.

जगात आजवर काढलेलं दोन लाख टनांहून जास्त सोनं जमिनीच्या वरच आहे. उद्योगांना वर्षाच्या मागणीचा दहावा हिस्साही लागत नाही, बाकी दागिने आणि तिजोऱ्या. जुन्या सोन्यातून आणि फेकलेल्या फोनमधून बरंच मिळतं. हे खरं आहे, लिही. पण याने त्या बाईंना उत्तर मिळत नाही, कारण फोन वितळवण्याचं काम त्यांच्या खोऱ्यात येणार नाही. पर्यायाचा आकडा जगाचा असून भागत नाही.

एल साल्वादोरने २०१७ मध्ये धातूंच्या खाणींवर पूर्ण बंदी घातली, लेम्पा नदी वाचवण्यासाठी. जगात पहिलाच देश. मी त्या दिवशी रडले होते. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्याच संसदेने ती उठवली, पुन्हा विकासाच्याच नावाने. बंदी मिळाली की आपली माणसं घरी जातात, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे. खोऱ्यातलं उत्पन्न वाढवायचं काम मागे पडतं आणि तोच तक्ता पुन्हा टेबलावर येतो.

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीचंही बघ. शिवनसमुद्रहून १९०२ मध्ये तिथे वीज आली, देशात बहुतेक ठिकाणी कंदील होते तेव्हा. सव्वाशे वर्षांत सुमारे ८०० टन सोनं दिलं आणि २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद पडली. सोनं वेगळं करायला सायनाइड हे विष वापरत, आज त्या गाळाच्या टेकड्या तिथे आहेत, वारा सुटला की धूळ घरात येते. आणि माणसं पहाटेच्या गाडीने कामासाठी बंगळूरुला जातात. इतकी वर्षं हाताशी होती, खाण चालू असताना दुसरं काही उभं करायला!

मी हेच बोलत आले. बैठकांतून मला वगळलं गेलं, जवळचे सहकारी दुरावले, "बाई, तुम्ही लग्नाच्या मांडवात तेराव्याचं बोलता" असं एका अधिकाऱ्याने ऐकवलं. त्या माणसांची आठवण येते, ते दुरावायला नको होते. पण मी गप्प राहिले असते तर तो गाळ कमी झाला असता का? नसता. हट्टी म्हण मला, चालेल. हिशेब शेवटाकडूनच मांडायचा.

आता कामाचं बोलू. त्या बाईंकडे परत जा, भाषण तयार करू नकोस. आज घरात पैसा कशाकशातून येतो ते विचार: शेती, चराई, मासे, जंगलातला माल, बाहेर गेलेल्या मुलाची मनीऑर्डर. प्रत्येकासमोर लिही, यातलं पाण्यावाचून काय चालेल. बहुतेक ओळी कोऱ्या राहतील. मग कंपनीचा बंद करण्याचा आराखडा मिळव, आणि खाण बंद झाल्यावरच्या सफाईची हमी रक्कम किती, कुठे ठेवली आहे, कुणाच्या नावावर, पहिला सुरुंग लागण्याआधी भरली का, ते शोध. कंपनीच्या शब्दाची हमी चालणार नाही, बँकेतली रक्कम हवी. आराखडा मिळाला नाही तर तसं लेखी घे.

दोन्ही कागद मला पाठव. मी वाचून लगेच कळवते.

तुझी,
ताई