जनरल प्रॅक्टिशनरकडील उपचार चांगले आणि सुरक्षित आहेत, हे रुग्ण कशावरून ठरवतात?

बहुतेक रुग्ण हे डॉक्टरांच्या ज्ञानावरून नव्हे, तर त्यांनी किती लक्षपूर्वक ऐकले, हात लावून तपासले का आणि गुण किती लवकर आला, यांवरून ठरवतात. निदान पारखण्याचे साधन रुग्णाकडे नसते, म्हणून तो डोळ्यांना दिसते त्यावरून अंदाज बांधतो. आणि नीट ऐकून-तपासून घ्यायला लागणारा वेळही सर्वत्र मिळत नाही. ६७ देशांतील माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉक्टरांशी होणारी सरासरी भेट स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटांची, तर बांगलादेशात ४८ सेकंदांची आढळली होती. मात्र रुग्णाचा हा अंदाज सुरक्षिततेच्या बाबतीत फसवा ठरतो. साध्या सर्दी-पडशाला इंजेक्शन न देणारे डॉक्टर ‘काहीच केले नाही’ म्हणून नावडते होतात. उलट कागदाच्या पुडीत बांधून दिलेल्या बिननावाच्या सुट्या गोळ्यांना सहसा कोणी हरकत घेत नाही, वास्तविक अंगावर पुरळ उठून रात्री दुसऱ्या दवाखान्यात जावे लागले, तर पोटात नेमके काय गेले हे तिथल्या डॉक्टरांना कळायला मार्गच नसतो. त्यामुळे पुढील गोष्टी स्वतः पाहाव्यात:

- चिठ्ठीवर औषधांची नावे सुवाच्य आहेत का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे का (तो छापणे नियमाने बंधनकारक आहे);
- ॲलर्जी आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या विचारल्या का;
- सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले का.