तळ्यातली जलपर्णी काढायला संस्था काढतोय. मशीन घ्यावं की औषध मारावं?

तुम्ही लिहिलंय की शहरालगतचं तळं जलपर्णीनं झाकलंय, वीसेक जण मिळून संवर्धन संस्था काढताय, तर नोंदणी कशी करायची आणि मशीन बरं की औषध. मी म्हणेन, आधी एक बादली आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ घ्या.

जलपर्णी पोसली जाते सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. ते ज्या नाल्यातून येतं तो नाला मोजल्याशिवाय पाण्यात उतरू नका. आमच्या संस्थेत यावरून पहिल्या वर्षापासून वाद आहे. एका गटाचं म्हणणं, आपण रविवारी श्रमदान करावं, नाल्याचा विषय काढला की राजकारण होतं. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

मोजायचं असं. जानेवारी ते मे या काळात, नाला जिथे थोडा उंचावरून पडतो तिथे १५ लिटरची बादली धरा आणि ती भरायला किती सेकंद लागतात ते पाच वेळा पाहून सरासरी काढा. बादली ३ सेकंदांत भरली तर सेकंदाला ५ लिटर, म्हणजे दिवसाला ४ लाख ३२ हजार लिटर. शहरात माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्याच्या ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी धरतात. म्हणजे तो एकटा नाला ४ हजार माणसांचं मोरी-संडासाचं पाणी तळ्यात आणतोय. मात्र सकाळी ७ ते ९ ला धार मोठी असते आणि रात्री सुतासारखी, म्हणून दिवसातून चार वेळा मोजा. फक्त सकाळचा आकडा नेलात तर नगरपालिकेचा अभियंता पहिल्याच बैठकीत तो खोडून काढेल, आणि त्याचं बरोबर असेल. बादली धरण्याइतक्या उंचीवरून पाणी पडत नसेल तर नाल्याचा ५ मीटरचा सरळ पट्टा निवडा, संत्र्याची साल सोडून वेग काढा, त्याला रुंदी आणि सरासरी खोलीनं गुणा. वरचा थर तळापेक्षा जोरात वाहतो, म्हणून आलेल्या उत्तराला पुन्हा ०.८ नं गुणा.

आता काढण्याबद्दल. दाट जलपर्णीचं ओलं वजन चौरस मीटरला २५-३० किलो सहज भरतं. एका गुंठ्यात अडीच ते तीन टन, म्हणजे ट्रॅक्टरची एक ट्रॉली भरून. त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्यामुळे ओला माल वाहून नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. काठावरच वाळवा. पण काठ म्हणजे कुठला? एका एप्रिलमध्ये आम्ही पाऊण तळं मोकळं केलं आणि ढीग पाण्यापासून चार-पाच फुटांवर रचले. कंबरभर उंच ढीग वरून वाळला, आतून ओलाच राहिला, आणि मेमधल्या पहिल्या वळवाला उतारावरून घसरून परत तळ्यात गेला. आतली झाडं जिवंत होती. तेव्हापासून नियम असा: पूर्ण भरल्यावर पाणी जिथे पोचतं त्या रेषेच्या किमान १५ फूट वर, फूटभर जाडीचा थर, मुळं आकाशाकडे. एप्रिलच्या उन्हात आठ-दहा दिवसांत कुरकुरीत होतं.

गालिचा हातानं ओढत बसू नका. नायलॉनच्या दोरीला बूच घट्ट लावलेले रिकामे पाच लिटरचे कॅन दर मीटरला बांधून तरंगता अडसर करा. वारा ज्या काठाला माल लोटतो त्या काठापासून सुरुवात करा, कोयत्यानं खोलीभर आकाराचे तुकडे पाडा आणि अडसरानं कवेत घेऊन काठाला आणा. मोकळ्या झालेल्या पाण्यात अडसर तसाच ताणून ठेवा, नाहीतर दुपारी वारा फिरला की सकाळचं काम बुडतं.

बहुतेक संस्था हरतात त्या शेवटच्या पाच टक्क्यांत. पाणकणसाच्या बेटांत, बाभळीच्या बुंध्याशी चार-चार झाडं राहतात. उन्हाळ्यात सांडपाण्यावर जलपर्णी दोन आठवड्यांत दुप्पट होते असं धरा: ५ चे १०, १० चे २०, मग ४०, मग ८०. दोन महिन्यांत तळं पुन्हा हिरवं. म्हणून मोठ्या श्रमदानानंतर वर्षभर दर पंधरवड्याला दोन माणसं आणि एक होडी एवढी फेरी हवीच. बी चिखलात अनेक वर्षं टिकतं, तेव्हा पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या काठावर रोपं उगवतील, ती उपटा. पाणकणीस मात्र नाल्याच्या तोंडाशी राहू द्या. बंगळुरूच्या जक्कूर तलावात सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रात, मग अशाच वनस्पतींच्या दलदलीतून आणि मग तळ्यात येतं. नाल्याचं काय करायचं, हे ज्यांना खरंच विचारायचंय त्यांनी ते पाहून यावं.

औषध मारू नका. तणनाशकानं सगळी झाडं एकदम मरतात, बुडतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे मरतात. वर नत्र-स्फुरद तळ्यातच राहतं, पुढच्या पिकाला. प्राणवायू तपासायचा तर सूर्योदयाआधी तपासा. दुपारी शेवाळामुळे आकडा फसवा चढलेला असतो.

मशीन वाईट असं नाही. शे-दीडशे एकर पाणी असेल तर हातानं निभणार नाही. पण ते उथळ काठाला पोचत नाही आणि ती शेवटची पाच टक्के तिथेच असतात. जलपर्णी खाणारे भुंगेरे १९८० च्या दशकात भारतात आणले गेले, ते काम करतात, पण सावकाश, आणि सांडपाण्यावर जोमानं वाढणाऱ्या झाडांपुढे मागे पडतात.

राहिलेलं थोडक्यात. पावसाळ्यात मोठी सफाई नको, कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या तेव्हा जलपर्णीवर घरटी करतात. गमबूट हवेत, पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नये, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. कंबरेपेक्षा खोल पाण्यात लाइफ जॅकेटशिवाय कुणीही नाही. कारखान्याचं पाणी येत असेल तर काढलेल्या मालाचं खत करू नका, जलपर्णी जड धातू शोषून घेते.

नोंदणीला किमान सात जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयात होतात. त्याआधी सातबारा काढून तळं कुणाच्या नावावर आहे ते पाहा, आणि मासेमारीचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे आहे त्यांना पहिल्याच आठवड्यात भेटा. होड्या त्यांच्याकडे असतात, आणि मैल्याचा टँकर रात्री कुठल्या कोपऱ्यात रिकामा होतो तेही त्यांनाच ठाऊक असतं.