चारचाकी ट्रॉलीला किती भाराचे टायर घ्यावेत? कापूस आणि रेती दोन्ही वाहायची आहे

हिशोब रेतीचा धरा. कापसाने ट्रॉली दिसायला भरते, वजनात नाही. एक ब्रास (१०० घनफूट) रेती मात्र साधारण साडेचार टन, ओली असली तर आणखी जास्त.

आधी रिकामी ट्रॉली जिनिंगच्या काट्यावर तोलून घ्या. समजा ती दीड टन भरली. म्हणजे एकूण ६,००० किलो, चार टायरांत प्रत्येकी १,५००. पण माल कधीच सारखा बसत नाही. पांदणीच्या खड्ड्यात एका बाजूवर जास्त भार येतो, म्हणून निदान २० टक्के जास्त धरा: १,८०० किलो.

आता टायरच्या बाजूवरचा भार निर्देशांक बघा. १२१ म्हणजे १,४५० किलो, १२८ म्हणजे १,८००, १३० म्हणजे १,९००. तुम्ही १३० घ्या. पुढचं अक्षर वेगाचं: ए८ म्हणजे ताशी ४० किमी. '१६ पीआर' (प्लाय रेटिंग) म्हणजे आत १६ थर असतात असं नाही, तो फक्त ताकदीचा दर्जा आहे. दुकानदाराच्या शब्दापेक्षा किलोचा आकडा पाहा.

हा भार टायरवर छापलेल्या हवेलाच लागू. हवा कमी असली की बाजू सारखी दुमडते, टायर आतून तापतो आणि मे महिन्यात डांबरी रस्त्यावर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापल्यावर वाढलेली दिसली म्हणून काढू नका. रिमही तेवढा भार आणि हवा सोसणारी हवी.

जुने टायर घेत असाल तर ते कधी बनले हे कळायला टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.