छत्री सापडली, पण ‘ए’ की ‘ॲन’?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीत हरवल्या-सापडल्याची एक वही होती, ती मी हौसेने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत केली. वॉचमन यादीतून वस्तू निवडतो, रंग टाकतो आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज जातो. मेसेज इंग्रजीत, कारण आमच्या एका विंगमध्येच पाच भाषा आहेत. सुरुवातीला सगळ्याच वस्तूंच्या आधी ‘ए’ यायचा. ‘ए अम्ब्रेला’ वाचून तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकांनी ग्रुपवर चूक दाखवली. मग मी अट घातली : पहिलं अक्षर ए, ई, आय, ओ, यू यांपैकी असेल तर ‘ॲन’, नाहीतर ‘ए’. परवा ‘ॲन युनिफॉर्म’ आणि ‘ए एचडीएमआय केबल’ हे दोन्ही एकाच दिवशी गेले. बाई आता मला जिन्यात गाठतात. कायमचा इलाज सांगा.
— एक वाचक, घणसोली

उत्तर : दादा, बाईंचं बरोबर आहे. आणि तुमची अट म्हणजे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलाच नियम आहे, फक्त अर्धा. पुढच्या शब्दाचा उच्चार स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’. उच्चार, स्पेलिंग नाही. कॉम्प्युटरला कान नाहीत, त्याला अक्षर तेवढं दिसतं, तिथेच घोळ होतो.

मी महापेच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने कोपरखैरणे, पुढे शेअर रिक्षा. तिथे एका स्क्रीनवर ‘ॲन युजर हॅज लॉग्ड इन’ असं येई. मी बग टाकला, म्हणजे चूक नोंदवली. डेव्हलपरने ‘हा बग नाही’ म्हणून बंद केला, कारण यू हा व्हॉवेल. मी त्याच्या खुर्चीशी जाऊन म्हटलं, मोठ्याने वाच बघू. त्याने ‘यूऽजर’ म्हटलं आणि गप्प झाला. संध्याकाळी त्याने यादीतून यू काढून टाकला. दुसऱ्या दिवशीच्या बिल्डमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नव्या प्रतीत, काय आलं असेल? ‘ए अपडेट इज अव्हेलेबल.’ तो बग पुन्हा माझ्याच नावावर.

तेव्हा माझ्या लक्षात आलं ते असं. मी टेस्टच्या नोंदी डायरीत मराठीत लिहायची, इंग्रजी शब्दही देवनागरीतच. त्या पानावर उत्तर आयतं मिळत होतं. ‘अपडेट’, ‘अवर’, ‘ऑनेस्ट’ हे स्वराने सुरू होतात, म्हणून ॲन. ‘युजर’, ‘युरोपियन’, ‘वन’ हे य आणि व यांनी, म्हणून ए. स्पेलिंगमध्ये ‘अवर’ एचने आणि ‘वन’ ओने सुरू होतो, पण देवनागरीत ते ढोंग टिकत नाही. आद्याक्षरी नावांनाही हेच लागू. ‘ए टीएमटी बस’, पण ‘ॲन एनएमएमटी बस’. ‘ए सिडको फ्लॅट’, पण ‘ॲन एमआयडीसी प्लॉट’. इंग्रजीच्या २६ अक्षरांपैकी १२ अक्षरांची नावं स्वराने सुरू होतात : ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. यू त्यात नाही, म्हणून ‘ए यूएसबी’. मात्र अक्षरं सुटी वाचायची की शब्दासारखी, हे आधी ठरवावं लागतं : ‘ॲन एलईडी’, पण ‘ए लॅन केबल’.

तुमची यादी फार तर ६०-७० वस्तूंची असेल. तिच्यात एक रकाना वाढवा, ‘उच्चार’, आणि तो देवनागरीत भरा. कोडने त्या रकान्याचं पहिलं अक्षर बघायचं : स्वर असेल तर ॲन, नाहीतर ए. आपल्याकडे काही जण ‘एम’ला ‘येम’ म्हणतात, तसं मात्र लिहू नका.

इथे मी स्वतः एकदा तोंडावर आपटले. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो ठरलेला क्रमांक देतो त्या यादीत, ‘अ’ ते ‘औ’ हे स्वर ०९०५ ते ०९१४ या क्रमांकांत बसतात, म्हणून मी तेवढाच पट्टा तपासला. सगळं नीट चाललं, फक्त ‘ॲपल’च्या आधी ‘ए’ येऊ लागला. शोधता शोधता जेवण राहिलं. आपला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात आधी ‘अ’ आणि मग डोक्यावर चंद्र, म्हणजे सुरुवात ०९०५नेच होते. दुसऱ्यात ते सबंध एकच अक्षर असतं, त्याचा क्रमांक ०९७२, आणि ते युनिकोडमध्ये आलं २००८ साली, ५.१ आवृत्तीत. डोळ्यांना दोन्ही सारखे, कोडला वेगळे. तेव्हा पट्ट्याबरोबर ०९७२ वेगळा लिहा, नाहीतर ‘ॲडॉप्टर’ सापडला की बाई जिन्यात उभ्याच.

पण एक गोष्ट तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलीत, तीच जास्त नडणार आहे : रंग. ‘ए’ की ‘ॲन’ हे नाम ठरवत नाही, लगेच पुढे येणारा शब्द ठरवतो. ‘ॲन अम्ब्रेला’, पण ‘ए ब्लॅक अम्ब्रेला’. ‘ए हेल्मेट’, पण ‘ॲन ऑरेंज हेल्मेट’. वस्तूशेजारी ‘ॲन’ साठवून ठेवलात तर काळ्या छत्रीला ‘ॲन ब्लॅक अम्ब्रेला’ होईल. रंगांनाही उच्चाराचा रकाना द्या, आणि सगळं वाक्यात जुळवून झाल्यावरच पहिला शब्द बघा.

आकडे हे वेगळंच दुखणं. ८ने सुरू होणारी संख्या कितीही मोठी असो, ॲन : ‘ॲन ८ जीबी पेनड्राइव्ह’, ‘ॲन ८० रुपी पास’. मात्र १६ जीबीच्या आधी ए. ११ आणि १८ यांना ॲन, पण ११० ‘वन हंड्रेड’ने सुरू होतं, म्हणून ए. ११,००० पुन्हा ॲन. आणि सात आकडी ११,००,००० आपण ‘इलेव्हन लाख’ वाचतो, म्हणून ॲन. परदेशातला माणूस तेच ‘वन मिलियन…’ असं वाचेल, म्हणून ए. एकच रक्कम, आणि दोघंही बरोबर. हरवल्या-सापडल्यात एवढी रक्कम आलीच तर मेसेज बाजूला ठेवून आधी पोलिसांना फोन करा.

वॉचमनला यादीबाहेरचा शब्द टाइप करू देणार असाल, तर पायथनमध्ये ‘इन्फ्लेक्ट’ नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आहे, ती शब्दाला ए-ॲन लावून देते. किंवा कार्नेगी मेलन विद्यापीठाचा उच्चारकोश घ्या. त्यात १ लाख ३४ हजारांहून अधिक शब्द आहेत आणि प्रत्येक स्वरध्वनीच्या शेवटी आघाताचा आकडा असतो, ०, १ किंवा २. पहिल्या ध्वनीला आकडा असेल तर ॲन, इतकं सोपं. उच्चार अमेरिकी आहेत, म्हणून ‘हर्ब’ तिथे ‘अर्ब’ही असतो. एचडीएमआयसारख्या नावांची भिस्त त्यावर ठेवू नका.

मला विचाराल तर मी यातलं काहीच करणार नाही. मेसेज वाक्यात कशाला हवा? ‘फाउंड : अम्ब्रेला, ब्लॅक, गेट २’ असं पाठवा, छत्रीवाला येतोच. शिवाय उद्या कोणी मराठी मेसेज मागितला, तर तिथे ए-ॲन नाही, पण चावी सापडली, पाकीट सापडलं, डबा सापडला हे आहे. त्यात उच्चार काही सांगत नाही, प्रत्येक वस्तूचं लिंग लिहून ठेवावंच लागतं. आणि ‘पेन सापडला’ की ‘सापडलं’ यावर ग्रुपवर जे होईल, त्यात मला ओढू नका.

प्रश्न : आमच्या पत्रकात ‘हिस्टॉरिक’च्या आधी एकाने ‘ॲन’ लावलं, दुसऱ्याने खोडलं. कोण बरोबर?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : खोडणारा. ‘हिस्टॉरिक’मध्ये जोर दुसऱ्या अवयवावर पडतो, त्यामुळे जुन्या इंग्रजी बोलण्यात ‘ह’ जवळजवळ गिळला जायचा, ते ‘ॲन’ त्या काळातलं. अजूनही काही जण लिहितात, त्याला चूक म्हणू नये. पण तुम्ही ‘ह’ स्पष्ट म्हणता, तेव्हा ‘ए’.

प्रश्न : ‘ए एसक्यूएल क्वेरी’ की ‘ॲन’? आमच्या टीममध्ये दोन्ही चालतं.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही ‘एसक्यूएल’ म्हणता की ‘सीक्वल’, त्यावर आहे. डेटाबेसमधून माहिती काढायची ही भाषा १९७०च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली, तेव्हा तिचं नाव सीक्वल असंच होतं. ते पुढे ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे सोडावं लागलं, पण जुने लोक आजही सीक्वलच म्हणतात, आणि त्यांचा ‘ए’ बरोबर असतो. टीमच्या कागदपत्रांत मात्र एकच काहीतरी ठरवा. मी ‘ॲन’ घेईन, कारण आमच्या ऑफिसात कोणी सीक्वल म्हटलं की नवी मुलं सिनेमाचा दुसरा भाग समजायची.