आईला टिलर द्या, फाटकं तुम्ही ढकला

प्रश्न : जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत. दोघंही साठीच्या पुढचे, पोहता कुणालाच येत नाही. इंग्लंडमधल्या फॉक्स्टनच्या बाजूला नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घ्यावी असं मनात आहे. लायसन्स लागतं का? आणि बोट वर-खाली नेणारे ते फाटकांचे हौद, म्हणजे लॉक, आम्हाला जमतील का?
— एक वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : भाड्याच्या बोटीला लायसन्स लागत नाही. निघण्याआधी बोटवाला सगळं दाखवून देतो. तेव्हा फोटो काढत बसू नका, नीट बघा. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठाने चालणारा माणूस सहज बरोबरीने येतो. बोट उजवीकडे वळवायची तर टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, डावीकडे ढकलायचा, आणि समोरून बोट आली की आपण उजवी बाजू धरायची. गाडीची सवय दोन्हीकडे नडते, पण तासाभरात हात बसतो.

जमण्याचं म्हणाल, तर कामं नीट वाटून घ्या. कालव्यावर नेहमी दिसणारं दृश्य असं, की नवरा ऐटीत टिलर धरून उभा आणि बायको घामाघूम होऊन फाटक ढकलतेय. कष्ट सगळे काठावर असतात, तेव्हा तिथे धडधाकट माणसंच हवीत. आईंना टिलरवर उभं करा, लाइफ जॅकेट मागून घ्या आणि फाटकावरच्या फळीवरून त्यांना इकडून तिकडे जाऊ देऊ नका.

लॉकमध्ये पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा उघडायला विंडलास मिळतो, एक वाकडं लोखंडी हँडल. काम झालं की तो काढून हातात घ्यायचा. झडपेच्या दांड्यावर तसाच राहिला आणि झडप वर धरणारा खटका सुटला, तर गरगर फिरून मनगट मोडतो.

खरी काळजी उतरताना. वरच्या फाटकाच्या पायथ्याशी पाण्याखाली एक ओटा असतो, त्याला सिल म्हणतात. पाणी उतरलं की तो उघडा पडतो. बोटीची मागची बाजू त्यावर अडकली, तर पुढची खाली जाते आणि बोट बुडू शकते. सिल कुठवर आहे ते भिंतीवरची पांढरी रेघ सांगते. बोट कायम तिच्या पुढे ठेवा. दोर खुंट्याला गाठ मारून बांधू नका, नुसता वेढा देऊन हाताने सोडत राहा. बोट तिरकी होतेय असं वाटलं, की खालच्या झडपा ताबडतोब बंद करून वरच्या उघडायच्या.

फॉक्स्टन तुम्ही चांगलं निवडलंत. 1814 पासूनचे 10 लॉक, पाच-पाचांचे दोन जिने, 75 फुटांची चढण. एका लॉकचं वरचं फाटक तेच पुढच्याचं खालचं, त्यामुळे मध्ये थांबायला जागा नाही. पण तिथे लॉककीपर असतात. आधी त्यांना भेटा, ते म्हणाल्याशिवाय बोट आत घालू नका. झडपा लाल आणि पांढऱ्या. आधी लाल, मग पांढरी. लाल उघडली की बाजूच्या तळ्यातलं पाणी खालच्या लॉकमध्ये येतं, पांढरीने वरच्या लॉकचं पाणी तळ्यात जातं. क्रम चुकला तर तळं भरून वाहतं. चढायला पाऊण तास धरा, रांग असेल तर वेगळा.

वर पोचलात की वॉटफर्डच्या लॉकपर्यंत जवळजवळ 20 मैल मुख्य कालव्यावर एकही लॉक नाही. (हे नॉर्थॅम्प्टनशरचं वॉटफर्ड, लंडनजवळचं नव्हे.) मध्ये हजार यार्डांहून लांब बोगदे आहेत, बाबा खूश होतील. मी तुमच्या जागी असतो, तर वॉटफर्ड न उतरता तिथूनच मागे फिरलो असतो.

प्रश्न : लॉकमध्ये पाणी चढवायला पंप असतो का? आणि ती लाकडी फाटकं एवढा दाब सोसतात कशी?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लॉक भरायला पंप लागत नाही. वरचं पाणी झडपेतून आपल्या वजनाने खाली येतं आणि बोट उचलली जाते. फाटकाची दोन दारं सरळ रेषेत मिटत नाहीत, वरच्या पाण्याकडे टोक करून भिडतात. म्हणून दाब जितका जास्त तितकी ती घट्ट बसतात. दोन्हीकडचं पाणी समान होईपर्यंत चार पैलवान लावलेत तरी फाटक हलायचं नाही. समान झालं की फाटकाच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून रेटलं तरी पुरतं.

पाण्याचा हिशेब मात्र चोख ठेवावा लागतो. अरुंद लॉक एकदा रिकामा झाला की लाखभर लिटर पाणी खाली जातं. ते कालव्याच्या वरच्या भागाला पाणी पुरवणाऱ्या तलावांतून येतं. पाऊस कमी झाला तर कालव्याचे काही भाग बंद ठेवतात. मिल्टन कीन्सच्या वाचकांनीही बुकिंगचे पैसे भरण्याआधी कालवे सांभाळणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेच्या सूचना पाहून घ्याव्यात.