नवी टाकी, आजारी मासे : औषधाआधी पाणी तपासा

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न महिन्याभराच्या आतल्या टाक्यांबद्दलचे आहेत. जवळजवळ सगळ्यांनी औषधाचं नाव विचारलंय, पण पाण्याचा एकही आकडा कोणी कळवलेला नाही. म्हणून सुरुवात पाण्यापासूनच करतो.

प्रश्न : दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घेतली. दुसऱ्याच दिवशी बारा मासे सोडले. चार दिवस छान गेले. पाचव्या दिवसापासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, कल्ले लालबुंद दिसतात. दोन मासे गेले. पाणी तर अगदी नितळ आहे. हा कोणता रोग?

उत्तर : तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून हा रोग वाटत नाही, अमोनियाची विषबाधा वाटते. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे पाणी नितळ असूनही विषारी असू शकतं. मासा बहुतांश अमोनिया कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो, आणि उरलेलं खाद्य नि विष्ठा कुजून त्यात भर पडते. मुरलेल्या टाकीत जिवाणूंचा एक गट या अमोनियाचं नायट्राइट करतो आणि दुसरा त्या नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने खूपच सौम्य, आठवड्याला पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू मुख्यतः फिल्टरचा स्पंज, तळाचे खडे, काच अशा जागी थर धरून राहतात. तो थर नीट बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या टाकीत तो अजून तयारच झालेला नाही, आणि बारा माशांचा भार पहिल्या दिवसापासून पडलाय.

आज एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं आणि क्लोरीन काढलेलं हवं. दोन दिवस खाद्य बंद ठेवा, मोठ्या माशांना त्याने काही होत नाही. एअर पंप चालू ठेवा. आणि थेंबांचं टेस्ट किट आणाच. पट्ट्यांपेक्षा त्यावर माझा जास्त भरवसा आहे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. जोवर यातलं एकही दिसतंय, तोवर रोज पाव ते एक तृतीयांश पाणी बदलत राहा.

पीएचही मोजा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा. अमोनियाचा आकडा तोच असला तरी पीएच 7 असताना त्यातला एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. पीएच 8 झाला की हा भाग जवळपास दहापट होतो. दोन घरांत किटवर एकच रंग येतो आणि मासे मात्र एकाच घरात मरतात, त्यामागे बहुधा हेच असतं.

अमोनिया उतरला की नायट्राइट चढतो, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद काढून घेतो. पाण्यात भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो आणि कल्ले तपकिरी पडतात. इथे मिठाचा खरा उपयोग होतो. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. दहा लिटरला एक ग्रॅम मीठ पुरतं. तुमच्या टाकीत खडे वगळता साधारण 45 लिटर पाणी धरा, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून घाला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही आठवडाभर शून्यावर टिकेपर्यंत नवा मासा आणू नका. ओळखीत कुणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिथला वापरातला स्पंजाचा तुकडा ओला असतानाच आणून तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. यापेक्षा जवळची वाट मला माहीत नाही.

प्रश्न : पाणी चोवीस तास बादलीत ठेवून मग वापरतो. तरी अँटी-क्लोरीन लागतं का?

उत्तर : नुसतं क्लोरीन असेल तर उघड्या बादलीतून ते उडून जातं. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, घालतात, आणि ते असं उडत नाही. म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब घालाच, आणि थेंबांची मात्रा नव्या पाण्याच्या लिटरवर मोजून घ्या.

प्रश्न : फिल्टरचा आवाज होतो म्हणून रात्री बंद करतो. स्पंज दर रविवारी नळाखाली स्वच्छ धुतो. तरी मासे सुस्त का?

उत्तर : या दोन्ही सवयी आजच सोडा. अमोनिया संपवणारे फिल्टरमधले जिवाणू प्राणवायूवर जगतात. पाणी वाहायचं थांबलं की बंद फिल्टरमधला प्राणवायू काही तासांत संपतो आणि ते मरू लागतात. क्लोरीनच्या पाण्यात धुतलेल्या स्पंजाचंही तेच होतं. माझ्या पहिल्या टाकीचा स्पंज मीही असाच नळाखाली लख्ख धुतला होता आणि त्या आठवड्यात चार मासे गमावले. त्याचं वाईट मला आजही वाटतं. पाणी बदलताना टाकीतून काढलेल्या पाण्यातच स्पंज दोनदा पिळा आणि लगेच परत बसवा. थोडा तपकिरी राहिला तर राहू द्या.

प्रश्न : माशांच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आहेत. तीन दिवस औषध घातलं, ठिपके गेले, म्हणून थांबवलं. आता दुपटीने आले.

उत्तर : हा व्हाइट स्पॉट, म्हणजे इक. एकपेशीय परजीवीमुळे होतो. दिसणारा प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीच्या आत बसलेला परजीवी, आणि तिथे औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि आत विभागून शेकडो पिल्लं तयार होतात. ती पोहत मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते याच पोहणाऱ्या पिल्लांना. तुमचे ठिपके गेले तेव्हा परजीवी तळाशी कवचात होते, आणि नेमकं तेव्हाच तुम्ही औषध थांबवलंत.

पुन्हा सुरुवात करा. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध लेबलवरच्या मात्रेने द्या आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर चालू ठेवा. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. उष्ण पाण्यातले मासे असतील तर हीटर हळूहळू 28 ते 30 अंशांपर्यंत न्या. परजीवीचं चक्र वेगाने फिरतं आणि उपचार लवकर आटपतो. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचे बुडबुडे वाढवा. गोल्डफिशना इतकी ऊब सोसत नाही. लोचसारख्या खवले नसलेल्या किंवा अगदी बारीक खवल्यांच्या माशांना निम्मी मात्रा द्या. मिथिलीन ब्लू हे निळं औषध मुख्य टाकीत घालू नका, त्याने फिल्टरचे जिवाणूही मरतात.

एक खात्री आधी करून घ्या. गोल्डफिशच्या नराला विणीच्या काळात फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेला बारीक पांढरे दाणे येतात. तो आजार नाही, औषध नको.

प्रश्न : नव्या टाकीचं पाणी दुधाळ झालंय. तीनदा सगळं पाणी काढून खडे धुतले, तरी पुन्हा तसंच.

उत्तर : ते धुणंच थांबवा. उरलेल्या खाद्यावर पोसणारे, पाण्यात तरंगणारे वेगळे जिवाणू भरभर वाढले की असं दिसतं. दर वेळी सगळं उपसून तुम्ही टाकीला पहिल्या दिवसावर नेताय. दोन मिनिटांत संपेल इतकंच खाद्य दिवसातून एकदा द्या, अमोनिया मोजत राहा. साधारण आठवड्या-दीड आठवड्यात पाणी निवळेल. पाणी हिरवं असेल तर ते शेवाळ, त्यासाठी टाकीचा दिवा सहा तासांवर आणा.

प्रश्न : एका माशाचं पोट फुगलंय, खवले उभे राहिलेत. वाचेल का?

उत्तर : खोटी आशा दाखवत नाही. खवले उभे राहतात तेव्हा बहुधा मूत्रपिंड निकामी होऊन अंगात पाणी साठलेलं असतं, आणि अशा अवस्थेतून फार थोडे मासे उठतात. त्याला वेगळ्या, शांत, हवेशीर टाकीत ठेवा, आणि मूळ टाकीचं पाणी त्याच दिवशी तपासा.

प्रश्न : व्हाइट स्पॉटने शेवटचा मासाही गेला. टाकी रिकामी करून जंतुनाशकाने धुऊ का?

उत्तर : वाईट वाटलं. पण धुऊ नका. मासाच नसेल तर इकची पिल्लं उपाशी मरतात. पाणी 27-28 अंशांवर ठेवा, फिल्टर चालू ठेवा, आणि तीन आठवडे टाकी माशांविना राहू द्या. या काळात रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाका, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होईल आणि फिल्टरमधले जिवाणू जगतील. तीन आठवड्यांनी खाद्य टाकल्याच्या दुसऱ्या दिवशी मोजा. अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आला तर दोन-तीन मासे आणा, जास्त नको, आणि पुढचे दोन आठवडे दर तिसऱ्या दिवशी मोजत राहा.