दुबईत राहून पुण्यात दातांना आतून तारा बसवून घ्याव्यात का?

आतल्या बाजूच्या तारांसाठी माझे उत्तर 'शक्यतो नको' असेच आहे. कॅप बसवण्यासारखे काम सुट्टीत उरकते, दात सरकवण्याचे तसे नाही. तारेच्या हलक्या, सततच्या दाबाने दाताच्या एका बाजूचे हाड विरघळते आणि दुसऱ्या बाजूला नवे तयार होते. ही प्रक्रिया घाईने होत नसल्यामुळे उपचार बहुधा दीड-दोन वर्षे चालतो आणि साधारण दर 4 ते 8 आठवड्यांनी डॉक्टरांकडे जावे लागते.

जिभेकडच्या ब्रॅकेटने (तार धरून ठेवणारा, दाताला चिकटवलेला छोटा तुकडा) सुरुवातीला जीभ सोलवटते, 'स'चा उच्चार बिघडतो. हे काही आठवड्यांत सरावाने निभावते. खरी अडचण ब्रॅकेट निखळल्यावर येते, कारण तो आतून पुन्हा चिकटवायला त्यातला प्रशिक्षित ऑर्थोडॉन्टिस्टच (दात सरळ करणारा तज्ज्ञ) लागतो आणि दुसऱ्याने सुरू केलेले काम अनेक डॉक्टर हाती घेत नाहीत.

पारदर्शक अलाइनर (दातांवर बसणारे, काढता-घालता येणारे साचे) त्यातल्या त्यात जमण्याजोगे आहेत, कारण पुढचे काही संच बरोबर नेता येतात. मात्र ते दिवसाला 20 ते 22 तास घालावे लागतात, आणि दाताचे टोक आणि अलाइनर यांच्यात फट दिसू लागली तर पुढचा संच सुरू न करता आधी डॉक्टरांना विचारावे.

तरीही पुण्यातच करायचे ठरले, तर दुबईत अधूनमधून कोण तपासणार हे पैसे भरण्यापूर्वी पक्के करा, एक्स-रे आणि स्कॅनच्या फाइल स्वतःकडे घ्या, आणि शेवटच्या रिटेनरचा (उपचारानंतर दात जागेवर ठेवणाऱ्या साधनाचा) खर्च ठरलेल्या रकमेत धरला आहे का, हे लेखी विचारा.